शिजवलेल्या मातीची पिशवी: कुळथाच्या मुळांवरच्या एका शालेय प्रकल्पाची आखणी

गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. नववीतल्या दोन मुली आणि एक मुलगा तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी विषय घेऊन माझ्याकडे आले. विषय होता ‘जिवाणू खताचा वनस्पतींच्या वाढीवर होणारा परिणाम’. आखणीही त्यांनी करून आणली होती. दोन कुंड्या, दोन्हींत चवळी. एकीत कृषी सेवा केंद्रातून आणलेलं रायझोबियमचं पाकीट (शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी करून त्यांना हवेतलं नत्र मिळवून देणारे जिवाणू), दुसरीत काही नाही. महिन्याभराने पट्टीने उंची मोजायची आणि तक्ता रंगवायचा. असे प्रकल्प दरवर्षी प्रदर्शनात असतात, त्यांना बक्षिसंही मिळतात. तरी मी मुलांना थांबवलं, कारण निकाल काहीही लागला असता तरी त्यातून जिवाणूंबद्दल काही कळलं नसतं.

ही हकीकत त्या आखणीची आहे, पेरणीपर्यंतची. माझं मत आधीच सांगते. अशा प्रकल्पातलं बहुतेक शास्त्र बी मातीत पडायच्या आधी घडतं. आणि ज्या पिशवीत काहीच घडू नये असं आपल्याला वाटतं, त्या पिशवीच्या तयारीवर सगळं उभं असतं.

दोन कुंड्यांनी भागत नाही याचं पहिलं कारण मुलांनीच सांगितलं. एकाच शेंगेतले दोन दाणे एकाच वाफ्यात पेरले तरी रोपं सारखी वाढत नाहीत, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना सांगावं लागत नाही. एका कुंडीतलं रोप दुसरीतल्यापेक्षा दोन बोटं उंच निघालं, तर ते जिवाणूंमुळे की दाणा टपोरा होता म्हणून, हे कुणी सांगायचं?

दुसरं कारण पाकिटाचं. खत नियंत्रण आदेशानुसार रायझोबियमच्या भुकटीत एका ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. त्या जिवंत राहायला पाकीट थंड जागी, सावलीत ठेवावं लागतं. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढलेल्या पाकिटात किती पेशी उरल्या असतील, हे शाळेत मोजायची सोय नाही. शिवाय बियाण्याला चोळताना भुकटीबरोबर गुळाचं पाणीही जातं. म्हणजे एका कुंडीत जिवाणू, भुकटी आणि गूळ, तर दुसरीत यांतलं काहीच नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं, आणि ते एका मुलीच्या तोंडून सहज आलं. “बाई, आमच्या मळ्यात कुळथाला कुणी खत घालत नाय. आजी म्हणते, त्याला लागतच नाय.”

या वाक्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. भात कापून झालं की मळ्यात अंगच्या ओलीवर कुळीथ, वाल, पावटा पेरायचा हे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. दरवर्षी तेच पीक त्याच खाचरात येत असेल, तर त्याच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू तिथे आधीपासूनच वस्तीला असणार. अशा मातीत पाकिटातले आणखी जिवाणू घातले आणि फरक दिसला नाही, तर मुलं लिहिणार ‘जिवाणू खताचा परिणाम होत नाही’. निष्कर्ष उलटा निघाला असता. परिणाम होतच होता, दोन्ही कुंड्यांत सारखा.

म्हणून प्रश्नच बदलला. ‘जिवाणू घातल्याने काय होतं’ ऐवजी ‘आपल्या मातीत ते आधीच आहेत का, आणि कुठल्या मातीत’. आजीचं म्हणणं हे आमचं गृहीतक झालं. मळ्यातल्या मातीत कुळथाचे जिवाणू आहेत. मग तुलनेला अशी जागा हवी, जिथे कुळीथ कधी पेरलाच गेला नाही. मुलाचं घर सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळाच्या पठारावर आहे. तो म्हणाला, “आमच्याकडे वर कातळच आहे. तिथे कोण काय पेरतंय?”

सड्याची माती आणि मळ्याची माती दोन्ही जांभ्याचीच, पण फरक मोठा. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात चुना, पोटॅश धुऊन जातात आणि लोह नि अ‍ॅल्युमिनियम मागे राहतं. त्यामुळे माती आम्लधर्मी होते आणि स्फुरद लोहाला धरून बसतं, पिकाला सहजी मिळत नाही. सड्यावर तर मातीचा थर बोटभर, तोही दगडाच्या खळग्यांत. तिथे गाठी करणारे जिवाणू नसतील, असं दोघींना वाटत होतं. मुलगा अडून बसला. पावसात सड्यावर कवळा उगवतो, त्याची भाजी घरी होते, आणि कवळा शेंगेच्या कुळातलाच की. त्याचं बरोबर होतं. कुळथाच्या मुळांत राहणारे ब्रॅडिरायझोबियम गटातले जिवाणू एकाच पिकाला बांधलेले नसतात. चवळी, मूग, उडीद, भुईमूग यांच्या मुळांतही तेच किंवा त्यांचे भाईबंद असतात. रानटी शेंगवर्गीय झाडांवर ते तग धरून असू शकतात. तेव्हा सड्याबद्दलचा प्रश्न खरोखर उघडा होता. मला उत्तर माहीत नव्हतं, मुलांनाही नाही. प्रकल्पासाठी याहून चांगली स्थिती नाही.

पद्धत नवी शोधायची गरज नव्हती. १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल यांनी हेच मांडलं होतं. विल्फार्थ या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नत्र नसलेल्या रेतीत ओट आणि वाटाणा वाढवला. ओटला जितकं नायट्रेट द्यावं तितकाच तो वाढे. वाटाण्याचं मात्र काही गणितच लागेना. एका कुंडीत जोमदार, शेजारच्या कुंडीत मरायला टेकलेला. मग रेती तापवून निर्जंतुक केली तर सगळाच वाटाणा खुरटला, आणि तिच्यात शेतातल्या मातीचं थोडं पाणी घातलं की मुळांवर गाठी येऊन तो वाढू लागला. दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, बायेरिंक यांनी गाठींतून तो जिवाणू वेगळा काढून वाढवला. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, “म्हणजे कुंड्या वेड्यावाकड्या वाढल्या म्हणून त्यांना कळलं?” हो, तसंच. कुंड्यांमधला तो विस्कळीतपणा त्यांनी सरासरीत पुसून टाकला नाही, त्याचं कारण शोधलं.

बी आणि रेती

चवळी सोडून कुळीथ घेतला तो केवळ आजीसाठी नाही. चवळीचा दाणा मोठा, डाळींत साठवलेलं नत्र भरपूर. त्यावर रोप पहिले काही आठवडे खुशाल हिरवं राहतं आणि मातीत नत्र नाही हे लपून जातं. कुळथाचा दाणा चपटा नि लहान, शिदोरी लवकर संपते. आमच्या हातात सहा आठवडे होते, त्यात फरक दिसायला हवा होता. बियाणं घरचंच घ्यायचं ठरलं. दुकानातलं रंगीत बियाणं नको, कारण तो रंग बहुधा थायरमसारख्या बुरशीनाशकाबरोबर येतो आणि त्याने जिवाणूही मरू शकतात. घरच्या दाण्यांवर मात्र मळ्याची धूळ असते, आणि त्या धुळीतच जिवाणू असतात. म्हणून दाणे सौम्य ब्लीचच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून उकळून गार केलेल्या पाण्याने पाच-सहा वेळा खळबळून घ्यायचे.

रेतीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. किनाऱ्यावरच्या शाळेला रेती म्हणजे समोरच, असं वाटतं. पण समुद्राच्या नि खाडीच्या रेतीत मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ धुता येतं, चुरा जात नाही, आणि तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल मातीची सवय असलेलं झाड एकदम अल्कधर्मी रेतीत पडतं. मुलांनी तीन ठिकाणची रेती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकलं. पुळणीवरची रेती फसफसली, खाडीची थोडी कमी, आणि भरतीचं पाणी पोचत नाही अशा वरच्या अंगाच्या वहाळातली रेती गप्प राहिली. ती घेतली. बादलीत पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची आणि मग कुकरमध्ये शिजवायची.

सगळी शेतातली मातीच शिजवून का वापरली नाही, असा प्रश्न परीक्षक विचारतील, म्हणून तो आम्ही आधीच चर्चेला घेतला. माती तापवली की तिच्यातल्या मेलेल्या जिवांचं नत्र मोकळं होतं, आणि जांभ्याच्या मातीत मँगनीजही इतकं सुटू शकतं की रोपाला बाधावं. मग जिवाणू नसण्याचा परिणाम कुठला आणि शिजवण्याचा कुठला, हे वेगळं काढता येत नाही. रेतीत नत्र जवळजवळ नसतंच. तिच्यात चिमूटभर माती घातली, तर त्या चिमटीतून खत म्हणण्याइतकं काही येत नाही. जिवाणू मात्र येतात.

नत्र सोडून बाकीचं अन्न रेतीला द्यावंच लागतं, नाहीतर सगळीच रोपं उपाशी. किलोभर रेतीला ग्रॅमभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि त्याहून बरंच कमी म्युरेट ऑफ पोटॅश. १५:१५:१५ सारखं मिश्र खत चालणार नाही. नत्र आयतं मिळालं की शेंगवर्गीय झाड गाठी करायचं टाळतं.

सहा प्रकारच्या पिशव्या

कलमांच्या रोपवाटिकेत मिळतात त्या काळ्या पिशव्या घेतल्या. प्रत्येक प्रकारच्या पाच. पहिला प्रकार नुसती स्वच्छ रेती. दुसरा, रेतीत मळ्याची पाच ग्रॅम माती. तिसरा, तीच मळ्याची माती पण शिजवलेली. चौथा आणि पाचवा तसेच, सड्याच्या मातीचे. सहाव्या प्रकारात माती नाही, फक्त आठवड्याला एकदा युरियाचं अगदी फिकं पाणी.

मुलांना पहिले पाच पटले. युरियाचा कशाला, हे कळेना. जिवाणूंच्या प्रकल्पात रासायनिक खत आणलं म्हणून गुण जातील, अशी भीतीही होती. पण समजा स्वच्छ रेतीतली रोपं पिवळी पडली. ती नत्र नाही म्हणूनच पडली, हे कशावरून? कदाचित रेतीत पाणी टिकत नसेल, कदाचित ब्लीचने बी दुखावलं असेल. फक्त नत्र दिल्यावर त्याच रेतीत रोप हिरवंगार झालं, तरच नत्राचं म्हणणं सिद्ध होतं. प्रयोगशाळेच्या कपाटात पोटॅशियम नायट्रेटची बाटली होती. ती वापरू या, असं मुलगा म्हणाला. मग दुसरी मुलगी म्हणाली, “त्यात पोटॅशपण जाईल ना, बाई? मग दोन गोष्टी बदलल्या.” या वाक्यासाठी मी तिला त्याच दिवशी पूर्ण गुण देऊन टाकले असते.

शिजवलेल्या मातीची पिशवी हा या आखणीचा कणा आहे. मळ्याच्या चिमटीत जिवाणूंबरोबर थोडं नत्र, थोडं स्फुरद, थोडा पालापाचोळाही येणार. शिजवलेल्या चिमटीत तेच सगळं येतं, फक्त त्यातले बहुतेक जीव, गाठी करणारे जिवाणू धरून, मेलेले. दोन पिशव्यांत एवढाच फरक उरतो, आणि म्हणून जो फरक दिसेल त्याचं कारण सांगता येतं. कुकरमध्ये माती डब्यात पसरून अर्धा तास. यातून मातीतला प्रत्येक जीव मरतो असं मात्र लिहायचं नाही, हे मी बजावलं. काही जिवाणू बीजाणू करतात आणि अशा उष्णतेतूनही कधी निभावून जातात. गाठी करणारे बीजाणू करत नाहीत, ते नक्की मरतात. तेव्हा वाक्य असं: ‘शिजवल्याने गाठी करणारे जिवाणू मेले’. जेवढं खरं तेवढंच.

माती आणायची तीही क्रमाने. आधी सडा, मग मळा, म्हणजे मळ्याची माती खुरप्याला चिकटून वर जायला नको. प्रत्येक जागी पाच ठिकाणची माती घेऊन मिसळायची. मळ्यात जाताना हातमोजे, आणि हाताला कापलेलं असेल त्याने जायचं नाही. भातखाचरातल्या लेप्टोस्पायरोसिसबद्दल (उंदरांच्या मुतातून चिखलात येणारा, जखमेतून शिरणारा ताप) आपल्याकडे घरोघरी माहिती आहे, तरी मुलं मातीत हात घालताना विसरतात.

एकीने व्हिडिओ पाहून आगरच्या बशीत मातीतले जिवाणू वाढवायचं सुचवलं होतं. बशीवर रंगीत ठिपके आले की प्रदर्शनात गर्दी होते, हे खरं. पण मातीतला कुठलाही अनोळखी जिवाणू कोट्यवधींच्या संख्येने वाढवून टेबलावर ठेवणं धोक्याचं आहे. आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळाव्यांच्या नियमांतही घरी जिवाणू वाढवायला मनाई आहे. आणि बशीवर वाढलेल्यांतला गाठी करणारा कोणता, हे ठिपक्याकडे बघून कळत नाही. कुळथाचं मूळ ते बिनचूक ओळखतं. ज्या जिवाणूंशी त्याचं जमतं त्यांनाच ते आत घेतं.

गाठ ओळखणं

मोजणी करायची तर गाठ ओळखता आली पाहिजे. त्यासाठी शाळेच्या कुंपणाजवळचं लाजाळू आणि टाकळा मुळासकट, ढेकूळ न मोडता, उपटून बादलीतल्या पाण्यात सोडला. माती आपोआप सुटू दिली. दोन्ही शेंगेच्या कुळातले, पण टाकळ्याच्या मुळावर काही नव्हतं. लाजाळूच्या बारीक मुळांना बाजूने चिकटलेले तपकिरी दाणे होते, मोहरीएवढे. नखाने ढकलला की दाणा सुटून येत होता आणि मूळ शाबूत राहत होतं. एक दाणा पातीने कापून भिंगाखाली धरला. आत कच्च्या मांसासारखा लालसर गुलाबी. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. नत्र स्थिर करणारं विकर ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून गाठीत मोकळा ऑक्सिजन कमी ठेवायचं काम हे द्रव्य करतं. आत गुलाबी असेल तर गाठ कामावर आहे. हिरवट-करडी असेल तर तिचं काम संपलं. पांढरी असेल तर अजून सुरू झालं नाही, किंवा आत राहणारा जिवाणू झाडाला काही देत नाही.

मग घरून आणलेलं भेंडीचं मूळ पाहिलं. त्यावरही गाठी होत्या, पण मूळच फुगून झालेल्या, नखाने न सुटणाऱ्या. ते सूत्रकृमीचं काम. हा फरक कळला नसता तर मोजणीच्या दिवशी रोगाची नोंद जिवाणूंच्या खात्यात पडली असती.

काय मोजायचं यावर वाद झाला नाही. गाठींची संख्या, त्यांतल्या गुलाबी किती, आणि रोपाच्या वरच्या भागाचं सुकं वजन. उंची वहीत लिहायची, पण तिच्यावर निष्कर्ष नाही. सावलीतलं कमकुवत रोपही उंच होतं. रोपं कागदी पाकिटांत घालून वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत सुकवायची आणि गावातल्या सोनाराच्या काट्यावर तोलायची. पिशव्यांवर प्रकार लिहायचा नाही, फक्त १ ते ३० आकडे. कुठला आकडा कुठल्या प्रकारचा ही यादी माझ्याकडे बंद पाकिटात. जागाही चिठ्ठ्या टाकून. मोजणारी मुलगी मळ्याच्या घरची आहे. तिला आजी बरोबर ठरावी असं वाटणारच, आणि त्यात गैर काही नाही. पण मोजताना तिला ते माहीत नसलेलं बरं.

राबाचा, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागी पालापाचोळा जाळतात त्याचा, विषयही निघाला. राब भाजतात त्या जागी हे जिवाणू मरत असतील का? प्रश्न फार सुंदर आहे आणि आपल्याच मातीतला आहे. तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. या वर्षी तो घेतला असता तर पिशव्या दीडपट झाल्या असत्या आणि पाणी घालणारे हात तेवढेच.

पाण्याची व्यवस्था शेवटी ठरली. दिवाळीच्या सुट्टीत शाळेला कुलूप, म्हणून पेरणी सुट्टीनंतर. प्रदर्शनाच्या तारखेतून सहा आठवडे मोजणीपर्यंतचे आणि दोन आठवडे वजनं नि लिखाणाचे मागे मोजले, तर बसत होतं. पिशव्या बाकांवर, वऱ्हांड्यात, दोन पिशव्यांत वीतभर अंतर, कोंबड्या आणि वानरांसाठी वरून जाळी. पाणी उकळून गार केलेलं, झारीने न घालता पेल्याने मुळाशी, म्हणजे शिंतोडे शेजारी उडणार नाहीत. इथे आकड्यांची पद्धत आडवी आली. स्वच्छ रेतीला आधी आणि कच्च्या मातीला शेवटी पाणी घालायचं, तर प्रकार माहीत हवा. म्हणून पाणी घालायचं काम मुलाकडे आणि दुसऱ्या मुलीकडे, यादीची एक प्रत त्यांच्याजवळ, आणि मोजणारीला ती दाखवायची नाही.

पेरणीच्या आदल्या दिवशी मुलांनी वहीत चार वाक्यं लिहिली आणि खाली तारीख टाकून सह्या केल्या. स्वच्छ किंवा शिजवलेल्या पिशव्यांत गाठी आल्या, तर जिवाणू बाहेरून शिरले, तुलना करायची नाही. मळ्याच्या कच्च्या मातीत आल्या आणि सड्याच्या नाही, तर सड्यावरून आणलेल्या मातीत कुळथाला चालणारे जिवाणू सापडले नाहीत. सगळ्या सड्यांबद्दल काही म्हणायचं नाही. दोन्हींत आल्या, तर कवळ्याचा मुद्दा बळावला. दोन्हींत नाही आल्या, तर आजीला पुन्हा विचारायचं, कुळीथ नेमका कुठल्या खाचरात होता, आणि आम्ही माती कुठून घेतली.

पहिल्या वाक्यावर मोजणारी मुलगी अडली. सहा आठवडे पाणी घालून शेवटी कळलं की स्वच्छ पिशवीत गाठी आहेत, तर काय करायचं? तिने स्वच्छ रेतीच्या आणि शिजवलेल्या मातीच्या दोन-दोन पिशव्या जास्तीच्या लावायला सांगितल्या, तिसऱ्या आठवड्यात फोडून बघण्यासाठी. तेव्हा गाठी दिसल्या तर प्रदर्शनाला पाच आठवडे हातात राहतात. सहा आठवड्यांची रोपं मिळणार नाहीत आणि सुकं वजन सोडावं लागेल, पण रेती पुन्हा शिजवून, नव्याने पेरून, निदान गाठींची मोजणी होते. मी होकार दिला, आणि त्या जास्तीच्या पिशव्यांवर ३१ पासून पुढचे आकडे टाकले.